बंद खिडकी आणि दूरध्वनीवरील भामटे

(नागपूर येथे कार्यकर्त्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दूरध्वनीवरून होणाऱ्या फसवणुकीचा विषय निघाला की ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर प्रथम हसू उमटते. फसणारा भोळा असला पाहिजे किंवा लोभी असला पाहिजे, आणि आपण तर दोन्ही नव्हे, असा त्या हसण्याचा अर्थ असतो. राजकीय कार्यकर्त्यांच्या बैठकीत हा विषय ठेवल्याबद्दलही काहींना नवल वाटले असेल. चोरी-फसवणूक हे पोलिसांचे काम. महागाई, बेकारी, शेतमालाचे भाव हे प्रश्न समोर उभे असताना दूरध्वनीवरच्या भामट्यांसाठी एक संध्याकाळ कशाला खर्चावयाची? या शंकेला आकड्यांनी उत्तर देता येईल. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे २०२३ साली या देशातील नागरिकांनी सायबर फसवणुकीत सुमारे ७,४६५ कोटी रुपये गमावले. २०२४ साली हाच आकडा सुमारे २२,८४५ कोटींवर गेला. एका वर्षात तिपटीने वाढणारा धंदा सहजासहजी सापडत नाही. परंतु रकमेहूनही विचार करण्याजोगी गोष्ट या धंद्याची रचना ही आहे. ज्यात शेकडो सुशिक्षित तरुण पगारावर राबतात, ज्याला पाळ्या आहेत, मुकादम आहेत, रोजचे ठरवून दिलेले उद्दिष्ट आहे, आणि ज्याचे गिऱ्हाईक बहुतेक वेळा एकटा पडलेला वृद्ध माणूस असते, त्या धंद्याला नुसती चोरी म्हणून भागेल काय?

या धंद्याचा एक जुना आणि सर्वांत कसबी प्रकार 'तांत्रिक साहाय्य' या नावाने चालतो. त्याची रीत समजावून घेणे अवश्य आहे, कारण पुढचे सर्व प्रकार त्याच मुशीतून निघालेले आहेत. दूरध्वनी येतो. बोलणारा सांगतो की तो मायक्रोसॉफ्टच्या तांत्रिक विभागातून बोलत असून तुमच्या संगणकातून धोक्याचे संदेश कंपनीकडे येत आहेत. कधी याच्या उलट घडते: संगणकाच्या पडद्यावर एकाएकी मोठी तांबडी सूचना झळकते, भोंगा वाजू लागतो, पडदा बंद होत नाही आणि खाली एक क्रमांक दिलेला असतो, घाबरलेला माणूस स्वतःच दूरध्वनी करतो. वस्तुतः कोणतीही संगणक कंपनी आपण होऊन कोणाच्या घरी असा दूरध्वनी करीत नाही, आणि कोणत्याही खऱ्या सूचनेत दूरध्वनी क्रमांक दिलेला नसतो. परंतु समोरच्या माणसाला हे ठाऊक नसते.

मग पुरावा दाखविला जातो. विंडोजच्या प्रत्येक संगणकात 'इव्हेंट व्ह्यूअर' नावाची एक नोंदवही असते. स्टेशनमास्तरच्या वहीत जशी प्रत्येक गाडीच्या मिनिटा-दोन मिनिटांच्या विलंबाची नोंद होते, तशी तीत संगणकातील प्रत्येक बारीकसारीक अडखळण्याची नोंद होत असते. धडधाकट संगणकातही असे तांबडे-पिवळे शेरे शेकड्यांनी सापडतात. भामटा ती वही उघडावयास लावतो आणि म्हणतो, "मोजा, किती आहेत ते." माणूस मोजू लागतो आणि मोजता मोजता खचतो. नंतर संगणकाचा म्हणून एक लांबलचक क्रमांक वाचून दाखविला जातो. तोच क्रमांक समोरच्या पडद्यावरही असल्याचे पाहून त्याचा उरलासुरला संशय जातो. हा क्रमांक विंडोजच्या सर्व संगणकांत सारखाच असतो, हे त्याला कोण सांगणार? यानंतर टीमव्ह्यूअर किंवा एनीडेस्क यांसारखे सॉफ्टवेअर बसविण्यास सांगितले जाते. ही सॉफ्टवेअरे स्वतः बेकायदा नाहीत, अनेक कचेऱ्यांत ती रोज वापरली जातात. परंतु ती सुरू होताच संगणकाची किल्ली दूरच्या माणसाच्या हाती जाते. तो काही वेळ पडद्यावर खुडबूड करतो आणि काही शे डॉलरांची 'संरक्षण योजना' विकतो.

एवढ्यावर थांबणारे भामटे त्यातल्या त्यात सौम्य म्हटले पाहिजेत. पुष्कळदा काही महिन्यांनी त्याच गिऱ्हाइकाला दुसरा दूरध्वनी येतो: कंपनी बंद झाली आहे, तुमचे पैसे परत करावयाचे आहेत. बँकेचे पान उघडावयास लावून, पडद्यावर दिसणारा आकडा फक्त दिसण्यापुरता बदलून, दोनशेच्या जागी वीस हजार जमा झाल्याचे दाखवितात. मग तोच भामटा रडकुंडीला येतो. चुकून दोन शून्ये जास्त पडली, माझी नोकरी जाईल, वरचे पैसे परत करा, अशी विनवणी करतो. प्रामाणिक माणूस वरचे पैसे परत करावयास धावतो, आणि ते पैसे त्याच्या स्वतःच्या बचतीचे असतात. येथे लोभाचा प्रश्नच नाही. जो लबाड आहे तो या सापळ्यातून सुटतो. दुसऱ्याचे चुकून आलेले पैसे ठेवून घेऊ नयेत असे ज्याला वाटते तोच अडकतो.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ऑक्टोबर २०१२ मध्ये अशा टोळ्यांवर एकदम सहा खटले भरले, आणि यातील बहुतेक दूरध्वनी भारतातून होत असल्याचे त्या वेळीच जगजाहीर झाले. तो धंदा त्यामुळे आटला नाही. अमेरिकेच्या एफबीआयकडे एकट्या २०२४ साली तांत्रिक साहाय्याच्या नावाने झालेल्या फसवणुकीच्या ३६ हजार तक्रारी आल्या आणि त्यांत गेलेली रक्कम १४६ कोटी डॉलरच्या घरात होती. तिचा मोठा वाटा साठी उलटलेल्या लोकांचा होता. केंद्रीय अन्वेषण विभागाने ऑक्टोबर २०२३ मध्ये देशभर ७६ ठिकाणी छापे घातले, त्यांतील काही प्रकरणे मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉन यांच्याच तक्रारींवरून नोंदलेली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये तर नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीला, एका भाड्याने घेतलेल्या विश्रामस्थानात, अ‍ॅमेझॉनचे साहाय्य केंद्र असल्याची बतावणी करून अमेरिका-कॅनडातील लोकांना लुटणारे केंद्र सापडले. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पावसाळी सहलीसाठी येणाऱ्या लोकांच्या शेजारी हा कारखाना रात्रपाळीत चालू होता.

परंतु महाराष्ट्रातील सर्वांत बोलके प्रकरण म्हणजे मीरा रोडचे. ऑक्टोबर २०१६ च्या पहिल्या आठवड्यात ठाणे पोलिसांनी मध्यरात्री मीरा रोडवरील कॉल सेंटरांवर धाड घातली आणि सातशेहून अधिक तरुण-तरुणींना एकाच रात्रीत ताब्यात घेतले. त्यांपैकी सत्तर जणांना अटक झाली. बाकीच्यांना जबाब घेऊन सोडण्यात आले. तेथून अमेरिकेत दूरध्वनी होत, तो मायक्रोसॉफ्टच्या नावाने नव्हे तर अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्याच्या नावाने. तुमचा कर थकला आहे, अर्ध्या तासात पोलीस दाराशी येतील, सुटका हवी असेल तर दुकानात जाऊन गिफ्ट कार्डे विकत घ्या आणि त्यांवरील क्रमांक वाचून दाखवा, अशी ती धमकी होती. त्याच महिन्याच्या अखेरीस अमेरिकेच्या न्याय खात्याने या जातीच्या टोळ्यांविरुद्ध, त्यांत अहमदाबादची पाच कॉल सेंटरे होती, आरोपपत्र जाहीर केले. पंधरा हजारांहून अधिक लोक फसल्याचे त्यात म्हटले होते. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने तेथल्या एकवीस साथीदारांना वीस वर्षांपर्यंतच्या शिक्षा ठोठावल्या.

मीरा रोडच्या त्या सातशे मुलांकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. ती काही दरोडेखोरांच्या टोळीत भरती झालेली नव्हती. जाहिरात पाहून, ओळखीच्या मुलाच्या सांगण्यावरून, मुलाखत देऊन ती नोकरीस लागली होती. त्यांच्यापुढे छापील संवाद ठेवलेला असे, इंग्रजी उच्चार घटवून घेतले जात, आणि पगार बेताचा असला तरी वसूल केलेल्या रकमेवर बक्षीस मिळे. कारखान्यात कामाच्या नगांवर मजुरी ठरते, तशी येथे रडविलेल्या म्हाताऱ्यांवर ठरत होती. काही दिवसांत प्रत्येकाला खरे काय ते उमगत असले पाहिजे. काही सोडून गेले, बरेच राहिले. अमेरिकन वृत्तपत्रात नंतर आलेल्या वृत्तांतानुसार, तेथे काम केलेल्या दोन अगदी कोवळ्या वयाच्या मुलांनीच अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला दूरध्वनी लावून ही खबर दिली. ज्या दूरध्वनीवरून परक्या देशातील माणसाला लुटावयाचे, त्याच साधनाने त्याच देशाच्या सरकारला सावध करावयाचे, हे त्या दोघांना सुचले. त्यांना कोणत्याही संघटनेने शिकविले नव्हते. तशी संघटना कॉल सेंटरांच्या जगात कोणी उभीच केली नाही, ही गोष्ट कामगार चळवळीला भूषणावह नाही.

या प्रकरणाच्या वेळी एक युक्तिवाद पुष्कळ ठिकाणी ऐकू आला, आणि तो डाव्या विचाराच्या घोळक्यातही ऐकू आला, म्हणून त्याचा समाचार घ्यावयास हवा. युक्तिवाद असा की, गोऱ्यांनी दीडशे वर्षे हा देश लुटला, आता आपल्या पोरांनी त्यांचे चार डॉलर काढून घेतले तर एवढा गहजब कशाला? हा साम्राज्यशाहीविरोध नव्हे, ही साम्राज्यशाहीची थट्टा आहे. अमेरिकेतील कोणत्या भांडवलदाराचे यात वाकडे झाले? पैसे गेले ते निवृत्त शिक्षिकांचे, विधवांचे, एकाकी वृद्धांचे. आणि प्राप्तिकराच्या त्या फसवणुकीत तर परदेशी जाऊन नुकतेच स्थिरावू पाहणाऱ्या स्थलांतरितांनाही मुद्दाम हेरले जात होते, कारण पोलीस आणि हद्दपारी यांचे भय त्यांनाच सर्वांत अधिक. म्हणजे गोऱ्यांचा सूड म्हणून ज्याचे समर्थन चालले होते, त्याचा तडाखा परदेशात राबणाऱ्या भारतीयालाही बसत होता.

शिवाय कसब एकदा अवगत झाले की ते सरहद्दी पाळत नाही. मीरा रोडहून अमेरिकन म्हाताऱ्याला जे वाक्य ऐकविले जात होते, तेच आज नागपूरच्या म्हाताऱ्याला ऐकविले जाते. फक्त प्राप्तिकर खात्याच्या जागी सीबीआय आले आणि गिफ्ट कार्डाच्या जागी बँकेचे हस्तांतरण आले. यालाच 'डिजिटल अटक' असे नाव पडले आहे. भारताच्या कोणत्याही कायद्यात दूरध्वनीवरून किंवा दृक्-दूरध्वनीवरून अटक करण्याची तरतूद नाही. तरीही पडद्यावरचा खाकी गणवेश पाहून माणसे दिवसचे दिवस स्वतःच्या घरात कैदी होऊन बसली. पंतप्रधानांना ऑक्टोबर २०२४ मध्ये आकाशवाणीवरून या प्रकाराबद्दल देशाला सावध करावे लागले आणि डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकरणांचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविला. दूरध्वनी करणाऱ्यांची दशाही पालटली आहे. चांगल्या नोकरीच्या आमिषाने थायलंडला नेलेले भारतीय तरुण म्यानमारच्या सीमेवरील कुंपणबंद वसाहतींत कोंडले गेले आणि तेथे त्यांच्याकडून हेच काम सक्तीने करवून घेण्यात आले. मार्च २०२५ मध्ये अशा पाचशेहून अधिक जणांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणले. फसविणारा आणि फसलेला हे शब्द तेथे एकाच माणसाला लागू पडतात.

आता नागपूरकडे वळू या. हे शहर निवृत्तांचे आहे. रेल्वे, कोळसा खाणी, अंबाझरीचा आयुध कारखाना, वीज मंडळ, टपाल, राज्य सरकारच्या कचेऱ्या यांतून आयुष्य वेचून बाहेर पडलेली, निवृत्तिवेतनावर आणि भविष्यनिर्वाहाच्या एकरकमी रकमेवर जगणारी माणसे येथे मोहल्ल्यामोहल्ल्यांत आहेत. त्यांची मुले बहुधा पुण्याला, हैदराबादला किंवा बंगळुरूला. दुसरीकडे हे शहर नोकरीच्या शोधात असलेल्या पदवीधरांचे आहे. १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलने पिढ्यान् पिढ्या हजारो घरे पोसली. ती बंद पडली आणि तिच्या जागेवर मॉल उभा राहिला. खापरी-शिवणगावच्या जमिनी घेऊन मिहान आले, त्यात मोठ्या संगणक कंपन्याही आल्या. परंतु येथील महाविद्यालयांतून दर उन्हाळ्यात बाहेर पडणाऱ्या मुलांच्या मानाने तेथील खुर्च्या थोड्या. एकीकडे ज्याची दाद घेण्यास कोणी नाही असा वृद्ध, दुसरीकडे ज्याच्या जिभेला काम नाही असा तरुण. भामट्या मालकाला याहून अधिक भांडवल लागत नाही.

अजनीच्या रेल्वे वसाहतीतून निवृत्त होऊन मानेवाड्याकडे दोन खोल्यांचे घर बांधलेल्या एखाद्या गृहस्थाची कल्पना करावी. नोव्हेंबर महिना आहे, हयातीचा दाखला द्यावयाचा आहे. पूर्वी ते बँकेत जाऊन खिडकीवर सही करून येत. आता शाखेत माणसे कमी आणि रांग मोठी. खिडकीवरचा मुलगा उर्मट नसतो, नुसता पिचलेला असतो. तो म्हणतो, "काका, ते आता मोबाइलवरच होते, घरी मुलाला सांगा ना." मुलगा पुण्याला आहे. काका घरी येऊन बँकेचा मदत क्रमांक लावतात. यंत्र बोलते, हा आकडा दाबा, तो आकडा दाबा, आमचे सर्व प्रतिनिधी व्यस्त आहेत. वीस मिनिटांनी ते मोबाइलवर दुसरा क्रमांक शोधतात, आणि शोधात वर आलेला क्रमांक भामट्यांनी पेरलेला असतो. तो पहिल्या घंटीला उचलला जातो. "नमस्कार काकाजी! घाबरायचं नाही, मी आहे ना. दोन मिनिटांत करून देतो तुमचं काम." दिवसभरात काकांशी इतक्या आपुलकीने बोललेला हा पहिला माणूस. तो एक ॲप घ्यावयास सांगतो, त्यावरचा क्रमांक विचारतो, आणि काका विश्वासाने सांगतात. अमेरिकेत संगणकाच्या नोंदवहीने जे साधले ते येथे हयातीच्या दाखल्याने साधते. २०२२ साली तर 'आज रात्री तुमचा वीजपुरवठा तोडला जाईल' अशा संदेशांनी साधले आणि महावितरणला ग्राहकांना जाहीर सावधगिरीचा इशारा द्यावा लागला.

या गृहस्थाला मूर्ख म्हणणारे पुष्कळ भेटतात. परंतु त्याची चूक कोणती? त्याला मदत हवी होती आणि ज्याने देऊ केली त्याच्यावर त्याने विश्वास टाकला. खऱ्या कंपनीने आणि खऱ्या बँकेने आपली माणसे काढून घेतली म्हणून जी जागा रिकामी झाली, तीत भामटा येऊन बसला आहे. मायक्रोसॉफ्टच्या नावाचा भामटा अमेरिकेत चालतो याचे कारणही हेच. घरातला संगणक बिघडला तर कोणाला विचारावयाचे, याचे साधे उत्तर ती यंत्रे विकणाऱ्यांनी सामान्य माणसाला कधी दिलेच नाही. नफ्याच्या हिशेबात मदत करणारा माणूस हा खर्च असतो; भामट्याच्या हिशेबात तो गुंतवणूक असतो.

येथे कामगार चळवळीने स्वतःकडेही पाहावे. बँकांत संगणक आणण्यास कर्मचारी संघटनांनी दीर्घकाळ विरोध केला आणि १९८३ साली इंडियन बँक्स असोसिएशनशी करार झाला तो किती यंत्रे, कोठे आणि कोणत्या अटींवर यासंबंधी होता. नोकऱ्या जातील हे भय खरे होते आणि त्यासाठी झगडणे योग्यच होते. परंतु खिडकीच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसाचे काय होईल, हा प्रश्न त्या वेळी फारसा ऐरणीवर आला नाही. खिडकीवरचा कारकून नुसता पैसे मोजत नव्हता. "काकाजी, एवढी रक्कम एकदम कशाला काढता? घरी विचारलं काय?" असे विचारणारा तो साक्षीदार होता. २०२४ साली हैदराबादेत स्टेट बँकेच्या कर्मचाऱ्यांनी ज्येष्ठ ग्राहकांची लाखो रुपयांची रक्कम डिजिटल अटकेच्या सापळ्यातून वाचविली, ती कोणत्याही यंत्राच्या साहाय्याने नव्हे. मुदत ठेव घाईने मोडावयास आलेल्या माणसाचा चेहरा पाहून त्यांनी चौकशी केली, आणि व्यवहार अडवून धरला. असा चेहरा पाहावयास खिडकीच्या पलीकडे कोणीतरी असावे लागते.

भामट्यांशी दोन हात कसे करावेत याविषयी तरुणांत एक निराळी रीत लोकप्रिय झाली आहे. दूरध्वनी आला की मुद्दाम भोळेपणा पांघरून त्यांना तास-दोन तास झुलवावयाचे, शेवटी चार शिव्या हासडावयाच्या आणि त्याचे ध्वनिमुद्रण मित्रांना ऐकवावयाचे. यात मौज आहे, आणि तेवढा वेळ तो भामटा दुसऱ्या कोणाला लुटू शकत नाही हेही खरे. परंतु पलीकडे बसलेला मुलगा हा त्या धंद्यातला सर्वांत खालचा हमाल आहे. त्याला शिव्या घालून मालकाच्या केसालाही धक्का लागत नाही. आणि ज्यांच्या हाती आपला क्रमांक, कधी नाव-पत्ताही आहे, त्यांना डिवचण्यात धोका आहेच. जिम ब्राउनिंग या टोपणनावाने काम करणाऱ्या एका ब्रिटिश जाणकाराने याच्या पलीकडे मजल मारली. भामट्यांच्याच संगणकांत शिरून त्याने गुरुग्राममधील एका केंद्राचे आतले चित्रीकरण मिळविले आणि मार्च २०२० मध्ये बीबीसीने ते जगाला दाखविले. हे शौर्याचे काम होते. परंतु पुढची हकीकत अधिक शिकविणारी आहे. जुलै २०२१ मध्ये याच जिम ब्राउनिंगला यूट्यूबच्या साहाय्य विभागातून बोलत असल्याची बतावणी करून एका भामट्याने गाठले आणि त्याचीच वाहिनी त्याच्याच हातून पुसून टाकविली. पुढे ती परत मिळाली, आणि त्याने सारी हकीकत स्वतः जाहीर केली. तांत्रिक साहाय्याची फसवणूक उघडकीस आणण्यात ज्याने वर्षे घालविली तो तांत्रिक साहाय्याच्याच फसवणुकीला बळी पडतो, तेव्हा मानेवाड्याच्या काकाजींना हसण्याचा अधिकार कोणाला उरतो?

यातूनच कायद्याचा प्रश्न उभा राहतो. दुसऱ्याचे सोंग घेऊन संगणकाद्वारे फसविणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ड कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे, भारतीय न्याय संहितेतही फसवणुकीची कलमे आहेत. शिक्षेची उणीव नाही. पैसे परत कोण देणार, याविषयी मात्र सर्व मौन आहे. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये घातलेल्या नियमांत तत्त्व असे होते की, बँकेच्या दोषाने पैसे गेले, किंवा तिसऱ्या कोणाच्या दोषाने गेले आणि ग्राहकाने कामकाजाच्या तीन दिवसांत कळविले, तर त्याला भुर्दंड नाही. परंतु ग्राहकाने स्वतः सांकेतिक क्रमांक सांगितला असेल तर कळवीपर्यंतचे सारे नुकसान त्याचे. भीती घालून, दिवसभर कोंडून, रडवून काढून घेतलेला क्रमांक या दृष्टीने 'निष्काळजीपणा' ठरतो. चाकू दाखवून पाकीट नेले तर त्याला कोणी निष्काळजीपणा म्हणत नाही. ब्रिटनने ७ ऑक्टोबर २०२४ पासून निराळा मार्ग धरला. तेथे ग्राहकाला फसवून त्याच्याच हातून पैसे पाठवून घेतले असले तरी ८५ हजार पौंडांपर्यंतची भरपाई बँकांनी करावयाची, आणि तिचा भार पैसे पाठविणाऱ्या व पैसे स्वीकारणाऱ्या दोन्ही बँकांनी निम्मानिम्म उचलावयाचा. ब्रिटन हे काही समाजवादी राष्ट्र नव्हे. तरीही पैसे स्वीकारणाऱ्या बँकेला यात ओढण्यामागचा विचार घेण्यासारखा आहे, कारण भामट्याचे खाते कोणत्या ना कोणत्या बँकेनेच उघडून दिलेले असते.

ही खाती हा या साखळीतील सर्वांत दुर्लक्षित दुवा आहे. फसवणुकीचे पैसे मालकाच्या नावावर कधीच जात नाहीत. ते प्रथम एखाद्या विद्यार्थ्याच्या, रोजंदारीच्या मजुराच्या किंवा बेकार तरुणाच्या खात्यात जातात आणि तेथून काही मिनिटांत चार दिशांना फुटतात. काही हजार रुपयांसाठी खाते, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड 'वापरावयास' दिले जाते. पोलीस येतात ते त्याच मुलाच्या दारी. वस्त्यांत आणि वसतिगृहांत फिरणाऱ्या कार्यकर्त्यांनी ही गोष्ट विशेष करून सांगितली पाहिजे, कारण हा सौदा करणाऱ्या मुलाला तो गुन्ह्यात भागीदार होत आहे याची अनेकदा कल्पनाही नसते. त्याच्या बापाला जामीन कोठून आणावयाचा हे मात्र लवकरच शोधावे लागते.

प्रत्यक्ष प्रसंग आला असता करावयाच्या गोष्टी थोड्या आहेत, परंतु त्या तातडीने केल्या पाहिजेत. दूरध्वनी चालू असेल तर तो बंद करावा. भामट्याला उत्तर देणे हे शिष्टाचारात बसत नाही. संगणक किंवा मोबाइल त्याच्या ताब्यात गेला असेल तर प्रथम इंटरनेट तोडावे, ते सॉफ्टवेअर काढून टाकावे आणि बँकेचे सांकेतिक शब्द दुसऱ्या यंत्रावरून बदलावेत. पैसे गेले असतील तर १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक ताबडतोब लावावा. पैसे शेवटच्या खात्यातून बाहेर पडण्यापूर्वी खबर पोहोचली तरच ते गोठविता येतात, म्हणून येथे तासांना किंमत आहे. तक्रारीचा पोच क्रमांक जपून ठेवावा, बँकेला लेखी अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर शिक्का घ्यावा. पुष्कळ माणसे लाजेने घरच्यांनाही सांगत नाहीत. निवृत्तिवेतनाची रक्कम गेल्याचे पत्नीपासून लपवून ठेवणारी माणसे असतात. अशा वेळी बरोबर पोलीस ठाण्यात जाणारा आणि "तुम्ही असे कसे केलेत?" हे न विचारणारा एक माणूस हवा असतो. वॉर्डातील कार्यकर्ता तो माणूस होऊ शकतो. आठवड्यातून एक संध्याकाळ पक्षाच्या कचेरीत वृद्धांचे मोबाइलचे, दाखल्यांचे, अर्जांचे काम करून देणारी दोन मुले बसविता आली, तर बँकेने बंद केलेल्या खिडकीची निदान एक झडप उघडेल.

बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. संविधान चौकात रिझर्व्ह बँकेची भक्कम दगडी इमारत आहे, त्या चौकाला नागपूरकर अजूनही तिच्याच नावाने ओळखतात, आणि आजवरचे कितीतरी मोर्चे तिच्या समोर उभे राहिले आहेत. परंतु टपालाने पाठवावयाची ही तक्रार तेथे देता येत नाही. तो कागद चंदीगडच्या सेक्टर १७ मधील केंद्राकडे पाठवावा लागतो. ज्याला संगणकावरून तक्रार करता येत नाही त्या वृद्धाच्या वतीने तो लिहिणे, स्पीड पोस्टाने रवाना करणे आणि पावती त्याच्या हाती देणे, एवढे काम तूर्त हाती घेता येईल. असे अर्ज शेकड्यांनी जमले की त्यांच्या प्रती घेऊन त्याच चौकात जावे, आणि नागपूरच्या माणसाची तक्रार नागपुरात का घेतली जात नाही, हे त्या इमारतीतील अधिकाऱ्यांना विचारावे.